कवितांसाठी काळं पाणी

[दृश्य: नाशिक, तिळभांडेश्वराची गल्ली]

याच गल्लीत आबा दरेकर राहायचे. दोन्ही पायांनी अधू. आधी लावण्या रचायचे. मग 'मित्रमेळा' या सावरकर बंधूंच्या क्रांतिकारी संघटनेतल्या तरुणांशी गाठ पडली आणि तीच लेखणी शिवरायांवर चालू लागली. पुढे महाराष्ट्राने त्यांना ओळखलं ते स्वातंत्र्यकवी गोविंद म्हणून.

ही पदं एकट्याने बसून वाचायची नव्हतीच. गणेशोत्सवात मेळा यायचा, पोरं एका सुरात पद म्हणायची, गर्दी धृपद उचलून धरायची. ज्याला अक्षरओळख नाही, तोही ते घोळवत घरी जायचा. त्या काळी असली पदं छोट्या, स्वस्त पुस्तिकांतून छापून निघत.

आणि छापलं की सरकारला धागा सापडे. 1867च्या कायद्याने छापील पुस्तकावर छापखान्याचं नाव-ठिकाण घालणं सक्तीचं होतं. प्रती सरकारात जमा कराव्या लागत. रस्त्यावर गायलेलं पद कोणाच्या माथी मारणार? छापलेल्या पदावर मात्र नाव असे, पत्ता असे.

[दृश्य: जुन्या पुस्तिकेचं पान]

'लघु अभिनव भारत माला'. प्रकाशक, गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर. याच मालेत गोविंदांची 'रणाविण स्वातंत्र्य कोणा मिळाले' ही कविता होती. वरवर पाहिलं तर देवांचा धावा, शिवरायांचं स्मरण. पण बाबारावांवर खटला झाला आणि कोर्टात ओळीन् ओळीचा कीस पडला. देवांची आणि वीरांची नावं हे निव्वळ निमित्त आहे, खरा सांगावा तलवार उचलण्याचा आहे, असं उच्च न्यायालयात न्यायमूर्ती चंदावरकरांनी म्हटलं. कवितेचा अर्थ त्यांनी बरोबरच लावला होता, हे मान्य करायला हवं. पण शिक्षा पाहा. जून 1909मध्ये नाशिकला बाबारावांना सुनावलेली जन्मठेप, काळं पाणी, नोव्हेंबरमध्ये कायम झाली. कोणावर हात उगारल्याबद्दल नव्हे, कविता छापल्याबद्दल!

नाशिक पेटलं. 21 डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेले कलेक्टर जॅक्सन अनंत कान्हेरेच्या गोळ्यांना बळी पडले. बाबारावांवरच्या खटल्याची कारवाई याच जॅक्सनची.

पाठोपाठ 1910चा प्रेस अ‍ॅक्ट आला. नवा छापखाना काढायचा तर 500 ते 2,000 रुपये अनामत. दोन-चार पैशांच्या पुस्तिकांवर पोट भरणाऱ्या छापखानेवाल्याने एवढी रक्कम आणायची कुठून?

बाबाराव सुटले ते 1922मध्ये, तेही शरीराने पार खंगून.