न तापलेली तार

आजच्या भाषणाच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘तापमानवाढ आणि मातीतला कर्ब’, म्हणजे कार्बन. त्याकडे येतोच. पण आधी एका तारेबद्दल बोलू द्या. ती कळली नाही तर पुढचे आकडे म्हणजे नुसतं पाठांतर.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या पीटरशॅम गावी हार्वर्ड फॉरेस्ट हे संशोधनासाठी राखलेलं जंगल आहे. 1991 साली तिथे जेरी मेलिलो या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 6 बाय 6 मीटरचे 18 वाफे आखले. जमिनीत 10 सेंटिमीटर खोल, 20-20 सेंटिमीटरवर विजेच्या तारा पुरल्या आणि माती शेजारच्या मातीपेक्षा 5 अंशांनी गरम ठेवली. शेजारी 4 अंश, तर इथे 9. शेजारी 18, तर इथे 23. म्हणजे तापमान एका आकड्यावर बांधलेलं नाही, फरक बांधलेला आहे.

आता 18 वाफे म्हटल्यावर आपण लगेच 9 गरम, 9 साधे असा हिशोब करून मोकळे होतो. तसं नाहीये. 6 गरम, 6 हात न लावलेले आणि उरलेल्या 6 मध्ये तारा पुरल्या, तितक्याच खोल, तितक्याच अंतरावर, पण वीज कधी सोडलीच नाही. वाजंत्री बोलवायचे, बिदागी द्यायची आणि वाजवू द्यायचं नाही, असला प्रकार. माझा सगळा जीव या सहा वाफ्यांत आहे.

का, ते बघा. 6 मीटरच्या वाफ्यात दर 20 सेंटिमीटरला एक तार, म्हणजे साधारण 30 ओळी. प्रत्येक 6 मीटर लांब. एका वाफ्यात 180 मीटरची चीर पडली! त्यात बारीक मुळं तुटली. तुटलेली मुळं कुजणार, जिवाणू ती खाणार आणि कार्बन डायऑक्साइड सोडणार. पालापाचोळ्याचा थर खालच्या मातीत मिसळला, आत हवा शिरली. यातलं काहीच उष्णतेमुळे झालेलं नाही, पण हात न लावलेल्या वाफ्याशी तुलना केलीत तर सगळं उष्णतेच्याच नावावर चढतं. गरम वाफा उणे बिनविजेच्या तारेचा वाफा, हा उष्णतेचा परिणाम. बिनविजेचा वाफा उणे हात न लावलेला, हा कुदळीचा.

आपल्याकडे बायोचारच्या, म्हणजे मातीत घालायच्या कोळशाच्या, प्रयोगात नेमकी हीच चूक दिसते. कोळसा मिसळायला 15 सेंटिमीटर माती उकरतात आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या, वाफ्याला खुरपंसुद्धा लावत नाहीत. मग अहवालात ‘बायोचारमुळे माती भुसभुशीत झाली’. झाली ना, पण कुदळीचं श्रेय कोळशाला का? कंट्रोलही तितकाच उकरा, फक्त कोळसा घालू नका. तेवढी मजुरी वाढेल. त्यावरून कपाळाला आठ्या पडतात, हे मला इथूनही दिसतंय.

प्रयोगशाळेतही हीच तार असते. तिला ब्लँक म्हणतात. सेंद्रिय कर्ब काढायची वॉकली-ब्लॅक पद्धत बहुतेकांनी केली असेल. 1 ग्रॅम माती, 10 मिलिलिटर पोटॅशियम डायक्रोमेट, 20 मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल, अर्धा तास थांबा, मग पाणी घालून फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन, म्हणजे उरलेलं डायक्रोमेट संपवायला हे द्रावण किती लागतं ते मोजायचं. ब्लँकच्या चंबूत हे सगळं घालायचं, माती सोडून. पण फेरस द्रावण हवेने रोज थोडं कमजोर होतं. सोमवारी ब्लँकला 20 मिलिलिटर लागलं, गुरुवारी 20.8 लागेल. तुम्ही गुरुवारी ब्लँक न करता सोमवारचाच आकडा सूत्रात टाकला, तर खरा 0.50 टक्के कर्ब कागदावर 0.40 येतो. म्हणजे पाचवा हिस्सा कर्ब शेतातून न जाता चंबूतच गेला. त्यावर सल्लापत्रक निघतं आणि शेतकरी बिचारा शेणखताच्या गाड्या मागवतो.

असाच प्रकार कर्बाच्या साठ्यात होतो. 1 टक्का कर्ब, 15 सेंटिमीटर खोली, घनता (घन सेंटिमीटरला ग्रॅम) 1.3 धरली तर हेक्टरी 19.5 टन. नमुन्याचं कडं हातोड्याने ठोकताना माती दबली आणि घनता 1.4 आली की झाले 21 टन. दीड टन कर्ब हातोड्याने वाढवला! रेगडीत तर विचारूच नका. ओली असताना फुगते, वाळली की आकसते, म्हणून पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली घनता एकमेकींशी जुळत नाही. अशा वेळी समान खोलीऐवजी समान वजनाच्या मातीची तुलना करा.

जमिनीचं श्वसन, म्हणजे मातीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड, झाकणाखाली धरून मोजायचं पीव्हीसीचं कडंही रेगडीत दगा देतं. ते 2-3 सेंटिमीटर आत बसवतात, त्यातही मुळं तुटतात, म्हणून बसवल्यावर निदान एक दिवस मापन नाही. उन्हाळ्यात कड्याच्या कडेने भेग पडली की झाकणातला वायू तिथून निसटतो आणि श्वसन कमी दिसतं. कड्याची बाहेरची उंची दर वेळी चार बाजूंनी मोजा, कारण आकारमान तिच्यावर आहे. झाकणासकट उंची 15 सेंटिमीटर असेल, तर 1 सेंटिमीटरची चूक म्हणजे उत्तरात जवळजवळ 7 टक्के.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. तर मूळ विषय.

हार्वर्ड फॉरेस्टच्या गरम वाफ्यांतून पहिली दहाएक वर्षं जास्त कर्ब गेला. मग सहा-सात वर्षं फरक मिटला. लोक म्हणाले, मातीला सवय झाली. 2008च्या सुमाराला श्वसन पुन्हा वाढलं, 2013नंतर पुन्हा बसलं. 26 वर्षांत वरच्या 60 सेंटिमीटरमधला सुमारे 17 टक्के कर्ब गेला. हे 2017 साली छापून आलं. कारण असं मांडतात की आधी सहज पचणारा माल संपला, दरम्यान जिवाणू-बुरशीची जमात बदलली आणि मग ती चिवट मालाकडे वळली. सुटलेल्या नत्रावर झाडंही वाढली, त्यामुळे तोट्यातला काही भाग लाकडात परत आला.

मर्यादाही आहेत. माती तापवली, हवा नाही, म्हणजे पानं जुन्याच हवेत. गरम माती कोरडी पडते, आणि कोरडेपणाने जिवाणू मंदावतात. 6 मीटरच्या वाफ्यात मोठी झाडं मुळांसकट मावत नाहीत, म्हणून त्याच जंगलात बॅरे वूड्स इथे 30 बाय 30 मीटरचा वाफा तापवायला घेतला. आणि तो 17 टक्के आकडा उचलून दख्खनला लावू नका. तिथली जंगलाची आम्लधर्मी माती, वर पाचोळ्याचा जाड थर. इथे चिकणमाती आणि चुनखडी.

चुनखडीचं एवढं सांगून थांबतो. जाळून कर्ब मोजणारं यंत्र चुनखडीतला कर्बही धरतं. म्हणून एकूण कर्बातून चुनखडीचा वेगळा मोजून वजा करा, किंवा नमुन्यावर आधी सौम्य आम्ल टाका, थेंब थेंब, फेस थांबेपर्यंत. एकदम ओतलंत तर नमुना बशीबाहेर. आणि हो, आम्ल न टाकलेली एक बशी शेजारी ठेवा.