'कुंजर' हळू म्हणताना

तत्त्वज्ञान, साहित्य आणि कला यांच्या आधाराने नीतीचा विचार कसा करावा, हा विषय मला देण्यात आला तेव्हा त्याचा आवाका पाहून मी बिचकलो आणि एकाच प्रश्नापुरते बोलायचे ठरवले. खरे बोलल्याने कोणाचा जीव जाणार असेल, तर काय करावे?

१७९७ साली जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटने या प्रश्नाला उत्तर दिले. मारेकरी दाराशी उभा आहे, तुमचा मित्र तुमच्या घरात लपलेला आहे, आणि 'तो कुठे आहे?' असे विचारले जात आहे. तरीही खोटे बोलता येणार नाही, असे कांट म्हणतो. त्याचा युक्तिवाद वाटतो तितका वेडगळ नाही. तुम्ही 'तो घरात नाही' म्हणालात, मित्र तोवर खरोखरच मागच्या दाराने निसटलेला होता आणि परत फिरलेल्या मारेकऱ्याच्या तावडीत नेमका सापडला, तर त्या मृत्यूचा दोष तुमच्या माथी येतो. परिणाम आपल्या हाती नसतात, शब्द मात्र असतो. तरीही दार उघडणाऱ्याच्या छातीत त्या क्षणी काय होत असेल, याला या युक्तिवादात जागा नाही.

महाभारताच्या कर्णपर्वात जवळजवळ हाच प्रसंग आहे. कौशिक नावाच्या तपस्व्याने सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतलेले असते. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसे त्याच्या आश्रमाजवळच्या झाडीत लपतात, दरोडेखोर येऊन विचारतात, कौशिक झाडीकडे बोट दाखवतो, आणि माणसे मारली जातात. कौशिक नरकात गेला, असे कृष्ण अर्जुनाला सांगतो. ही गोष्ट युद्धाच्या सतराव्या दिवशी सांगितली जाते, हे मला महत्त्वाचे वाटते. कारण दोनच दिवसांपूर्वी याच कृष्णाच्या आग्रहावरून युधिष्ठिर द्रोणांशी खोटे बोललेला असतो. आधी कृती आणि मागाहून तिचे शास्त्र, हा क्रम आपल्याही घरांत फारसा वेगळा नसतो.

त्या पंधराव्या दिवसाकडे जरा जवळून पाहू. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारलेला आहे. द्रोण आपल्या मुलाविषयी विचारतात ते युधिष्ठिराला, कारण तो खोटे बोलणार नाही याची त्यांना खात्री आहे. युधिष्ठिर 'अश्वत्थामा मेला' हे स्पष्ट म्हणतो आणि 'कुंजर', म्हणजे हत्ती, हा शब्द अस्पष्ट उच्चारतो. द्रोणपर्वात तिथे 'अव्यक्त' असा शब्द आहे. माझ्या लहानपणी गावातल्या देवळात आलेले कीर्तनकार 'नरो वा' खड्या आवाजात म्हणत, तबलजीकडे डोळा करत, आणि 'कुंजरो वा' तबल्याच्या गदारोळात बुडून जाई. कृष्णाने शंख फुंकला म्हणून द्रोणांना ऐकू आले नाही, असे ते सांगत. द्रोणपर्वातल्या त्या श्लोकात शंख नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कथेकऱ्यांनी धर्मराजाच्या जिभेवरचा डाग उचलून देवाच्या शंखात नेऊन ठेवला, कारण श्रोत्यांना धर्मराज निष्कलंक हवा होता. कला माणसाला नीती शिकवते असे आपण सहज म्हणतो. ती पळवाटही तितक्याच सुंदरपणे शिकवते.

मूळ काव्य मात्र इतके दयाळू नाही. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे, तो त्या उच्चारानंतर भुईला टेकला. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'तील 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात हीच चार बोटे नेमकी हेरली आहेत. सिजविकसारखे पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञ अडचणीच्या प्रसंगी खोटे बोलण्यास मुभा देतात, पण आपल्याकडे धर्मराजालाही त्याची किंमत मोजावी लागली, असा त्यांचा रोख आहे. मनुस्मृतीचे नाव घेताना मी सावध असतो, आणि १९२७ साली महाडला तिचे दहन का झाले हे ज्याला ठाऊक आहे त्याने सावध असावेच. पण जीव वाचवण्यासाठी खोटी साक्ष देणाऱ्याने नंतर सरस्वतीला चरू, म्हणजे शिजवलेल्या अन्नाची आहुती, अर्पण करावा, ही तिच्यातली तरतूद मला विलक्षण वाटते. खोटे बोलायला परवानगी आहे, पण वाणीच्या देवतेकडे त्याचा हिशोब द्यायचा आहे. कांट परवानगीच देत नाही, आणि आपण परवानगी घेऊन हिशोब विसरतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या आत्याच्या पोटात गाठ निघाली. तिला काही सांगायचे नाही, असे घरच्यांनी इस्पितळाच्या जिन्यातच ठरवले, आणि तिच्याशी बोलायचे काम माझ्यावर आले, कारण मी तत्त्वज्ञान शिकवतो. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मी म्हणालो, ''रिपोर्ट ठीक आहेत, आतापुरते.'' त्यातले 'आतापुरते' मी पाण्याचा पेला उचलताना म्हणालो. आत्या खिडकीकडे पाहत होती. ती म्हणाली, ''अरे, शेवटचा शब्द मोठ्याने सांग की.''