रात्री दोनला फोन उचलणारे सर

नमस्कार मंडळी. मला आज इथं बोलायला बसवलंय आणि विषय दिलाय डॉक्टरांना शिकवणारे डॉक्टर. आता मी काय डॉक्टर नव्हे, मी ३१ वर्षं मेडिसिन वॉर्डात सिस्टर होते, रिटायर झाले, आता घरी नातवाचे डबे भरते. कुठल्या हॉस्पिटलात होते ते विचारू नका, बेळगाव केवढंसं, निम्म्या लोकांना माहीतच असेल, पण रेडिओवर नको.

तर आधी थोडं सांगते, कारण बऱ्याच लोकांना हे सगळे पांढरे कोटवाले सारखेच वाटतात. एमबीबीएस झालेली पोरं नीट-पीजी नावाची प्रवेश परीक्षा देऊन आणखी तीन वर्षं एमडी मेडिसिन करायला येतात. ऑपरेशन वगैरे नाही यात. ताप, शुगर, दम, लकवा, कावीळ, कुणी विष पिऊन आलेलं, कुणाला साप चावलेला, हे सगळं मेडिसिनचं. या पोरांना कागदावर ज्युनियर रेसिडेंट म्हणतात, आम्ही पीजी म्हणतो. रात्री वॉर्डात तुमच्या माणसाला बघायला जो येतो ना, डोळे लाल, खिशात चार पेनं, तो पीजी. आणि त्याच्या डोक्यावर जे सर किंवा मॅडम असतात, युनिट चीफ, त्यांच्याबद्दल मला बोलायचंय. ते शिकवतात म्हणजे काय करतात ते मी बघितलंय, कारण लेक्चर हॉलमधे जे होतं ते वेगळं आणि कॉटजवळ उभं राहून जे होतं ते वेगळं.

एक रात्र सांगते. जुलैचे दिवस, पाऊस धो धो, पहाटे साडेचारच्या सुमारास जांबोटीकडचा एक माणूस टेम्पोतनं आणला, चाळिशीचा असेल, बरोबर बायको आणि मेव्हणा. काय होतंय तर पोटात दुखायलंय. ड्यूटीवर फर्स्ट इयरचा पीजी, राजस्थानचा पोरगा, येऊन तीनच महिने झालेले. पोरगा कष्टाळू हं, आळशी नव्हे. त्यानं ईसीजी काढला, नॉर्मल आला, पोट दाबून बघितलं, मऊ होतं, मग अॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि केसपेपरवर गॅस्ट्रायटिस लिहून टाकलं. मी सलाईन लावताना बघतेय तर माणूस बोलताना जीभ जड, जरा घोगरं घोगरं बोलायलाय. मी पीजीला म्हटलं, तर तो म्हणाला प्यायला असेल सिस्टर. वास नव्हता. मी म्हटलं सरांना एक फोन लाव की. तो म्हणाला, नको.

नको का, ते मला ठाऊक होतं. पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या एका सिनियरला त्यानं रात्री दोनला फोन केलेला, तर पलीकडून एवढं ऐकून घ्यावं लागलं की एवढं पण कळत नाही तर एमडीला आलास कशाला, परत झोपमोड केलीस तर बघ. पोरगा त्या दिवशी जेवला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मी पण फोन केला नाही. सिस्टरनं चीफना डायरेक्ट फोन करायचा नसतो, पीजीनं करायचा, अशी आमच्याकडची शिस्त. शिस्त म्हणून गप्प बसले, आजही आठवलं की बरं वाटत नाही.

सर पावणेसातला आले. ते रोज सकाळी फिरायला जायच्या आधी वॉर्डात एक चक्कर मारायचे, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला मफलर. दारातनंच त्या माणसाकडं बघितलं आणि चालता चालता थांबले. जवळ जाऊन म्हणाले, दादा, मान न हलवता वर बघा. पापण्या निम्म्याच उघडल्या. म्हणाले, एका दमात आकडे मोजा. अकरापर्यंत आला आणि दम संपला. मग बायकोकडं वळून विचारलं, "काल रात्री झोपला कुठं होता हा?" ती म्हणाली, कॉटवर पाणी गळालतं म्हणून खाली वाकळ टाकून झोपल्ते. बस्. सर म्हणाले, मण्यार.

चावल्याची खूण कुठंच नाही. मण्यारीचं तेच असतंय, रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही, माणूस झोपेतनं उठतच नाही किंवा पहाटे पोटात दुखायलंय म्हणून उठतो, आणि मग पापण्या पडतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायूच थांबतात. पंधरा मिनिटांत त्याला मान उचलता येईना. सापाच्या विषावरच्या उताऱ्याचं इंजेक्शन सुरू केलं, नळी घातली, व्हेंटिलेटरवर घेतलं. आठव्या दिवशी तो चालत घरी गेला, जाताना मला म्हणाला अक्का, तुमच्या इथली चहा लई पातळ आहे.

आता माझा मुद्दा सापाचा नव्हे. त्या दिवशी दुपारी मी ड्यूटी रूममधे स्टॉक रजिस्टर लिहीत बसलेले, सर त्या पोराला घेऊन आले, दोन चहा मागवले. मला वाटलं आता मण्यारीवर तासभर घेणार. तर पहिला प्रश्न काय, फोन का केला नाहीस? पोरगा आधी गप्प, मग सगळं सांगितलं, रडला पण थोडा. सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी औषधाच्या कपाटाच्या बाजूला भिंतीवर एक कागद चिकटवलेला, त्यावर सरांचा मोबाईल नंबर आणि खाली मराठी, कन्नड, इंग्लिश तिन्हीत लिहिलेलं, फोन केला म्हणून ओरडणार नाही, पीजी सिस्टर कुणीही करा. 

मग काय, आले की फोन. काही काही तर एवढे फालतू की मला लाज वाटायची, पोटॅशियम किती घालू, ताप १०१ आहे काय करू. सर अर्धवट झोपेत उत्तर द्यायचे. पण दोन महिन्यांनी तेच पोरगं फोन करताना आधी सगळं गोळा करून, बीपी किती, नाडी किती, मला काय वाटतंय, मी काय करणार आहे, असं सांगायला लागलं, आणि सर नुसतं बरं म्हणून ठेवायचे. याला शिकवणं म्हणतात असं मला वाटतं. फाइल भिरकावणारे चीफ पण मी बघितलेत, त्यांना वाटतं धाक असला की पोरं अभ्यास करतात. धाक असला की पोरं लपवतात. सोडियमचा रिपोर्ट राहिला तर राहिला म्हणत नाहीत, पाठवलाय सर म्हणतात. हे वॉर्डातल्या आयाबाईला पण माहीत असतं, फक्त चीफना माहीत नसतं.

दुसरी गोष्ट भाषेची, ही आपल्या भागातच जास्त. पीजी येणार केरळ, दिल्ली, बिहार, हैदराबादहून, आणि पेशंट यळ्ळूरचा मराठी, गोकाकचा कन्नड, निपाणीची विडी वळणारी मावशी, कुणी उर्दू बोलणारं. आमच्या युनिटला एक मॅडम होत्या, त्या नवीन पीजीला पहिल्या आठवड्यात पुस्तकातलं काही विचारायच्याच नाहीत, म्हणायच्या सिस्टरजवळ बसून वीस वाक्यं शिकून ये. एकदा काय झालं, एका आजोबांचा मुलगा सांगत होता बाबांच्या अंगावरनं वारं गेलं. पीजीनं इमानदारीत लिहिलं, गार वाऱ्यात गेल्याची हिस्टरी! अहो, अंगावरनं वारं जाणं म्हणजे लकवा, अर्ध्या अंगातली ताकद गेली. मॅडम हसल्या, पण लगेच म्हणाल्या की याच चुकीत रक्ताची गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनचा वेळ जातो, साडेचार तासांच्या आत द्यायचं असतंय ते. मग त्यांनी एक वही केली, जीव घाबरा होतोय म्हणजे काय, उमळतंय म्हणजे काय, गॅस धरलाय म्हणणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचा ईसीजी का काढायचा, होट्टे नोवु, म्हणजे कन्नडमधे पोटात दुखतंय, म्हणताना हात कुठं ठेवलाय ते आधी बघायचं. ती वही झेरॉक्स होत होत किती पोरांकडं गेली देव जाणे.

याच मॅडमची काचेची नळी. घोणस चावलेला पेशंट आला की रक्त गोठतंय काय बघायला २ मिली ताजं रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घालून २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग वाकडं करून बघायचं. सोपं दिसतं. पण पीजी प्लास्टिकची नळी घ्यायचे, नाहीतर साबणानं धुतलेली, नाहीतर दर पाच मिनिटांनी गोठलं काय म्हणून हलवून बघायचे, मग रिझल्ट चुकणारच. मॅडम २० मिनिटं स्वतः स्टूल टाकून बसायच्या, मोबाईल बाजूला. एवढ्या मोठ्या प्रोफेसर नळी बघत बसल्यात म्हटल्यावर पोरं काय बोलणार. आणि त्या २० मिनिटांत त्या पेशंटच्या बायकोशी पीकपाण्याच्या गप्पा मारायच्या, त्यातनंच कळायचं की गावात आधी झाडपाला दिलाय आणि पाय सुतळीनं आवळून बांधलेला.

सर एका ऑस्लर नावाच्या डॉक्टरचं फार सांगायचे. विल्यम ऑस्लर, कॅनडाचा, १८८९ मधे अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात मेडिसिनचा मुख्य झाला. शिकायला आलेले डॉक्टर हॉस्पिटलातच राहायचे म्हणून रेसिडेंट हे नाव, आणि पोरांना वर्गातनं उठवून कॉटजवळ नेलं ते त्यानं. त्याची म्हणे इच्छा होती की आपल्याबद्दल एवढंच लिहावं, यानं पोरांना वॉर्डात शिकवलं. आता मी बघतेय उलटं व्हायलंय. राउंड एसी रूममधे, पडद्यावर स्लाइड, रिपोर्ट सगळे कॉम्प्युटरवर, आणि पेशंट तिकडं विचारतोय डॉक्टर कधी येणार. स्लाइडवर पापणी पडलेली दिसेल हो, पण कोपऱ्यातल्या कॉटवरची दिसायला दारातनं आत यावं लागतं.

झोपेचं पण बोलते, नाहीतर पीजी लोकं म्हणतील अक्का आमचं विसरली. १९८४ मधे न्यूयॉर्कमधे लिबी झायन म्हणून १८ वर्षांची मुलगी तापानं रात्री अॅडमिट झाली आणि सकाळपर्यंत गेली. तिच्या नेहमीच्या गोळ्यांशी न जमणारं इंजेक्शन दिलं गेलं होतं, आणि बघणारे शिकाऊ डॉक्टर लांबलचक ड्यूटीवर, एकेकाकडं ढीगभर पेशंट. तिचा बाप पत्रकार, तो सोडेना. मग १९८९ मधे त्या राज्यात नियम झाला, आठवड्याला ८० तास आणि सलग २४, आणि २००३ मधे सगळ्या अमेरिकेत ८० तास. आता आपलं ऐका, आपल्याकडं केंद्राची रेसिडेन्सी स्कीम १९९२ ची, त्यात दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ४८. ऐकून हसू येतंय ना? आमच्या पीजींना सांगितलं तर ते पण हसायचे. पीजींसाठीच्या २०२३ च्या नियमात आठवड्याची एक सुट्टी पण लिहिलीय. कागद बंगळूरहून येवो नाहीतर दिल्लीहून, रात्रभर जागलेल्या पोराला दुपारी घरी पाठवायचं की तीन वाजेपर्यंत ओपीडीत बसवायचं हे शेवटी युनिट चीफच ठरवतो. सर बारा वाजता पीजीच्या गळ्यातला स्टेथोस्कोप स्वतः काढून घ्यायचे, जा म्हणायचे. मागची ओपीडी स्वतः करायचे. त्यावर बाकीचे सिनियर त्यांना मऊ म्हणायचे.

आणि अशा माणसाला मिळतं काय? तिकडं अमेरिकेत पीजींचं ट्रेनिंग बघायला प्रोग्राम डायरेक्टर म्हणून वेगळा माणूस असतो, त्या कामासाठी त्याला वेळ राखून द्यायचा असा नियमच आहे. आपल्याकडं सर ओपीडी बघणार, वॉर्ड बघणार, थिसिस तपासणार, इन्स्पेक्शनच्या फाइली करणार आणि मधल्या वेळेत शिकवणार. प्रमोशनला छापून आलेले संशोधनाचे पेपर मोजतात, पहाटे उचललेले फोन कुणी मोजत नाही. आता शिक्षकांनी कसं शिकवायचं याचा पण कोर्स सक्तीचा केलाय, बरंच झालं, पण त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावणारे काही जण मी पीजीला पेशंटसमोर गाढव म्हणताना ऐकलंय.

आणि हो, पीजीला तीन महिने जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवायचं नवीन सुरू झालंय, ते मला आवडलं. तिकडं एमआरआय वगैरे हाताशी नाही, मग एका दमात आकडे मोजायला लावणं आठवतं.

तो राजस्थानचा पोरगा एमडी झाला, रिझल्टच्या दिवशी किलोभर कुंदा घेऊन वॉर्डात आला, अर्धा आम्ही नाइटवाल्यांनीच संपवला. सर पण रिटायर झाले. मधे वॉर्डाला रंग दिला तेव्हा पेंटरनं तो कागद काढला, तर कुणीतरी नव्या रंगावर पेनानं नंबर परत लिहून ठेवला, नाव न लिहिता, नुसता नंबर आणि खाली सर. परवा सर बाजारात भेटले, गणपत गल्लीत, हातात भाजीची पिशवी, तेच सांगत होते. गेल्या महिन्यात रात्री दोनला फोन आला, कोणतरी नवीन पोरगी, घाबरलेली, सर पोटॅशियम फार कमी, २.३ आलंय काय करू. सरांनी विचारलं ईसीजी काढलास काय, लघवी होतीय काय, मग किती आणि किती वेगानं घालायचं ते सगळं सांगितलं, तिच्याकडनं परत म्हणवून घेतलं, आणि मग म्हणाले, बाळ, मी रिटायर झालोय, पण अर्ध्या तासानं कसं आहे ते कळव.