वायू नाकात कुठवर जातो? फॉर्मल्डिहाइड आणि कर्करोगाचा शोध

(दृश्य: नळीतला उंदीर, नाक जवळून)

उंदराचं फक्त नाक वायूच्या झोतात आहे. अख्ख्या पिंजऱ्यात वायू सोडला असता, तर तो केसांत बसला असता. उंदराने अंग चाटलं की पोटात गेला असता. मग श्वासातून किती गेला, हे कसं सांगणार? नळी सैल राहिली की उंदीर वळतो. घट्ट झाली की त्याचं अंग तापतं, श्वासाची गती बदलते, आणि मोजलेली मात्राच चुकते.

(दृश्य: पांढरी भुकटी, तापलेली नळी)

ही पॅराफॉर्मल्डिहाइडची भुकटी. तापवली की तिचा फॉर्मल्डिहाइड वायू होतो. पुढची नळी गरम ठेवावी लागते. थंड पडली की वायू आतून पुन्हा पांढरा थर धरतो आणि उंदरापर्यंत कमी पोचतो. म्हणून मोजणी नाकापाशीच करायची, भुकटीपाशी करून चालत नाही.

(दृश्य: जुने आलेख)

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या सीआयआयटी या विषशास्त्राच्या संस्थेत, तीही रसायन उद्योगाच्या पैशावर उभी राहिलेली, जेम्स स्वेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये या वायूने उंदरांच्या नाकात होणाऱ्या कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली. पूर्ण प्रयोग असा: रॅट आणि माउस, म्हणजे मोठे आणि लहान उंदीर. प्रत्येक गटात १२० नर, १२० माद्या. हवेत वायू २, ५.६ किंवा १४.३ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे इतके भाग), आणि एका गटाला नुसती स्वच्छ हवा. रोज ६ तास, आठवड्यातले ५ दिवस, २ वर्षं.

१४.३ पीपीएमला १०३ रॅटना नाकाचा कर्करोग झाला. ५.६ ला दोघांना. २ पीपीएमला एकालाही नाही. आणि माउस? १४.३ पीपीएमलाही फक्त दोन.

माउस काटक असतो म्हणून नव्हे. नाक झोंबलं की तो श्वासच आखडता घेतो, रॅटपेक्षा बराच जास्त. १४.३ पीपीएमच्या हवेत माउसच्या नाकावर जेवढा वायू बसतो, तेवढा रॅटच्या नाकावर ५.६ पीपीएमलाच बसतो. दोन्हीकडे आकडा दोनच. धोका ठरवते ती पेशीपर्यंत पोचलेली मात्रा. नुसता हवेतला आकडा सांगून हा विषय संपवणं चूक आहे.

(दृश्य: मास स्पेक्ट्रोमीटर, पडद्यावरची दोन शिखरं)

पण पेशीत फॉर्मल्डिहाइड मुळातच असतो, शरीर स्वतः तयार करतं. मग बाहेरून आलेला ओळखायचा कसा? पुढे चॅपल हिलच्या विद्यापीठात स्वेनबर्ग यांच्या गटाने वायूचीच खूण बदलली: जड कार्बन एक, जड हायड्रोजन दोन. एका रेणूचं वजन बरोबर ३ ने वाढलं. असा १० पीपीएम वायू रॅटना १ किंवा ५ दिवस, रोज ६ तास दिला.

डीएनएला चिकटलेला फॉर्मल्डिहाइड सहज सुटून जातो. म्हणून सोडियम सायनोबोरोहायड्राइड या रसायनाने तो आधी पक्का करायचा, मग डीएनए तोडून मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात सोडायचा. पडद्यावर वजनाप्रमाणे शिखरं उमटतात: शरीराचा स्वतःचा २८२ वर दिसतो, बाहेरचा २८५ वर. प्रयोगशाळेच्या हवेतला, द्रावकातला फॉर्मल्डिहाइड नमुन्यात शिरतोच, पण तो हलका. त्याने २८२ चं शिखर फुगेल, २८५ चं नाही. या पद्धतीची खरी ताकद इथे आहे.

२८५ फक्त नाकाच्या अस्तरात सापडला. अस्थिमज्जेत नाही. २८२ मात्र तपासलेल्या प्रत्येक अवयवात.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातलं, नाकामागच्या घशाच्या कर्करोगासाठी. २००९ मध्ये रक्ताच्या कर्करोगाचीही भर पडली. रक्त जिथे तयार होतं त्या मज्जेत न पोचणारा वायू तिथे काय करतो, यावर वाद चालू आहे.

(दृश्य: शरीररचनाशास्त्राचं विच्छेदनगृह)

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थी पहिल्याच वर्षी फॉर्मॅलिनच्या, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या फॉर्मल्डिहाइडच्या, वासात उभे राहतात. अमेरिकेत कामगारांसाठी मर्यादा ८ तासांच्या सरासरीने ०.७५ पीपीएम आहे, १५ मिनिटांसाठी २. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं नव्हे, नाक सरावलेलं असतं. हवा ओढण्याची सोय टेबलाच्या कडेलाच हवी. छताचा पंखा वायू खोलीभर फिरवतो. आणि मोजणीचा बिल्ला भिंतीवर टांगायचा नाही, विद्यार्थ्याच्या कॉलरला लावायचा.