चार चाकांवरून बडोदं

नमस्कार श्रोतेहो.

पुण्या-मुंबईहून, नाशिकहून पाठीला स्केटबोर्ड बांधून बडोद्याला यायचं, दोन-तीन दिवस रस्त्यावर खेळायचं आणि थोडक्या पैशात परतायचं, असा बेत असेल तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे. बडोद्यात राहण्या-खाण्याला फार पैसे लागत नाहीत. सकाळी शेव-उसळ आणि पाव खाल्ला की दुपारपर्यंत भूक लागत नाही. पैसे जातात ते मोडलेल्या डेकवर, म्हणजे बोर्डच्या लाकडी फळीवर, कचकच वाजणाऱ्या बेअरिंगवर आणि सुजलेल्या मनगटावर. म्हणून सुरुवात सामानापासून करू.

पहिली गोष्ट चाकांची. रस्त्यावरच्या उड्यांसाठी आपण ५२ ते ५४ मिलिमीटरची, ९९ए किंवा १०१ए कडकपणाची चाकं वापरतो; आकडा जितका मोठा, तितकं चाक कडक. गुळगुळीत फरशीवर ती उत्तम. पण खडबडीत डांबरावर आणि पेव्हर ब्लॉकवर याच चाकांनी पायाला मुंग्या येतात, वेग राहत नाही आणि सुपारीएवढा खडा आला तरी बोर्ड जागच्या जागी थांबतो. बोर्ड थांबला तरी अंग थांबत नाही, ते पुढे फेकलं जातं. अनोळखी शहरातली बरीचशी पडझड अशीच, साधं जाता-जाता होते. म्हणून दुसरा संच जवळ ठेवा: ५६ ते ५८ मिलिमीटरची, ७८ए ते ८०ए ची मऊ चाकं, बेअरिंग आधीच बसवलेली. चार नट काढायचे, चाकं बदलायची. पाच मिनिटांचं काम. नट पूर्ण आवळू नका, चाक आडवं किंचित हलेल एवढी जागा ठेवा. दर चाकाला दोन्ही बाजूंनी बारीक वॉशर असतो, तो घाईत रस्त्यावर पडतो आणि मग बेअरिंग घासायला लागतं. त्यामुळे चाकं रुमाल पसरून त्यावरच बदला.

मोठी चाकं लावली की वळताना ती डेकच्या पोटाला टेकू शकतात आणि टेकली की बोर्ड जागीच अडतो. ट्रक, म्हणजे चाकं धरणारा धातूचा सांगाडा, आणि डेक यांच्या मध्ये ३ मिलिमीटरची रबरी पट्टी घाला, किंगपिनचा, म्हणजे ट्रकच्या मधल्या जाड बोल्टचा, नट अर्धा फेरा आवळा. पट्टी घातली तर स्क्रूही लांब लागतात, २५ ऐवजी ३० मिलिमीटरचे.

पान्यांचा घोळ आधीच समजून घ्या. स्केटबोर्डचे नट इंची मापाचे असतात. चाकाचा नट अर्धा इंच, त्याला आपला १३ चा पाना जेमतेम चालतो. किंगपिनचा नट ९/१६ इंच. त्याला १४ चा पाना बसत नाही आणि १५ चा सैल पडून नटाचे कोपरे गोल करतो. एकदा ते गोल झाले की रस्त्यावर काही उपाय उरत नाही. म्हणून टी आकाराचा स्केट टूल घरून आणा, वजन पाव किलोसुद्धा नसतं. डेकचे स्क्रू हरवले तर मात्र घाबरू नका. कुठल्याही नट-बोल्टच्या दुकानात ५ मिलिमीटर जाडीचे, चपट्या बसक्या डोक्याचे बोल्ट मागा, आणि आत नायलॉनची कडी असलेले नटही त्याच मापाचे घ्या. जुने नट त्यांवर चढणार नाहीत. बेअरिंग तर त्याहून सोपं. स्केटबोर्डचं बेअरिंग म्हणजे कारखान्यातलं साधं ६०८ नंबरचं: आत ८, बाहेर २२, जाडी ७ मिलिमीटर. बडोदं कारखान्यांचं गाव आहे, बेअरिंगच्या दुकानात ते मिळतं. पत्र्याच्या झाकणाचं घेऊ नका, रबरी सीलचं मागा. थोडं जड फिरतं, पण आमच्या धुळीत तेच टिकतं.

आता शहर. आल्या दिवशी बोर्ड पाठीवरच असू द्या आणि पायी फिरा. सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवता येतं, पण तिथे कुलूप लावलेलीच बॅग घेतात, म्हणून जादा चाकं-पाने चेन-कुलूप लागेल अशा बॅगेत आणा. तिकीटही जवळ ठेवा. रिटायरिंग रूमसाठीही त्यावरचा पीएनआर नंबर लागतो.

जुन्या शहराचा नकाशा डोक्यात बसवणं सोपं आहे. मधोमध मांडवी नावाची जुनी इमारत. तिथून चार दिशांना चार सरळ रस्ते आणि चार दरवाजे: पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. पोळांमधून, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्ल्यांमधून, कितीही वाट चुकलात तरी कुणालाही मांडवी विचारा. मराठीत विचारलंत तरी चालेल. दांडिया बाजार, रावपुऱ्यात तर उत्तरही मराठीतच येईल.

पायी फिरताना जमीन बघा. बुटाचा तळ घासून पाहा. सिमेंटचा रस्ता चांगला, पण दोन स्लॅबमधली फट चाकापेक्षा रुंद आहे का, ते तपासा; असेल तर ती नेहमी काटकोनात ओलांडा. कोटा फरशी वेगवान, पण तिच्यावर बारीक वाळू असली की बोर्ड वळणाच्या बाहेर सरकतो. चकचकीत ग्रॅनाइट पाणी पडलेलं असताना नकोच. देवळांच्या आसपास सकाळी फुलं, तेल आणि केळीची सालं असतात, तिथे बोर्ड हातात घेऊन चाला. हे पावित्र्यासाठीही आणि हाडांसाठीही. चांगली जागा दिसली की तिथली बाहेर पडायची वाट, उतार संपतो ते ठिकाण आणि जवळची पाण्याची सोय, या तीन गोष्टी वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच ठिकाणी या. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास वर येतो, त्यानंतरचे दीड-दोन तास रस्ते तुमचे. पुढे दुचाक्यांचा लोंढा सुरू होतो आणि त्यातली प्रत्येक दुचाकी आपल्या बाजूने येईलच असं नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. न्यायमंदिराची, म्हणजे जुन्या कोर्टाची, इमारत १८९६ ची. तांबेकरांचा वाडा त्याहून जुना, भिंतींवर चित्रं असलेला आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. असल्या ठिकाणच्या कठड्यांवर, पायऱ्यांवर ट्रक घासायचा नाही. आपला ट्रक अॅल्युमिनिअमचा, आस पोलादाचा आणि वर पन्नास-साठ किलोंचं माणूस. हा सगळा भार दगडाच्या धारेवरच्या बोटभर जागेवर येतो आणि धारेचे कण सुटतात. एकदा टवका उडाला की पावसाचं पाणी तिथेच मुरतं आणि पुढचा टवका आपोआप पडतो. बोर्ड सहज घसरावा म्हणून धारेला चोळतात ते मेण तर त्याहून वाईट. सच्छिद्र दगडात ते आत शिरतं, धूळ धरतं, काळा पट्टा पडतो आणि धुऊन जात नाही. संरक्षित स्मारकाला इजा केली तर १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं. ते दगड घडवणाऱ्यांचे हात आता परत येणार नाहीत.

पोळांतले ओटेही असेच सोडा. उंची बरोबर गुडघ्याएवढी, धार सरळ, मोह होणारच. पण ओटा ही त्या घराची बैठक आहे, संध्याकाळी आजी तिथे बसते. घासायला नव्या फुटपाथांचे सिमेंटचे कर्ब भरपूर आहेत. रेल्वेच्या पश्चिमेला, अलकापुरीच्या बाजूला, दुकानं उघडण्याआधी पार्किंगच्या जागा मोकळ्या असतात. वॉचमनना आधी भेटा, बोर्ड हातात घेऊन. “काका, अर्धा तास खेळू का? भिंतीला हात लावणार नाही,” एवढं पुरे. नाही म्हणाले तर नाही. वाद घातला तर पुढे येणाऱ्या पोरांसाठी ती जागा कायमची बंद होते. सयाजीबागेत पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी असते, तिथे सावलीत बसून पाणी प्या, चाकं नकोत. सरावाला खरा स्केटपार्कच हवा असेल तर एक दिवस अहमदाबाद करा. सुमारे १०० किलोमीटर, गाड्या दिवसभर. साबरमतीच्या रिव्हरफ्रंटवर तशी सोय आहे.

ऋतूचं बोलू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मऊ चाकं जास्तच मऊ वाटतात आणि अंगातलं मीठ घामावाटे जातं. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. पावसाळ्यात येऊ नका. मेपलच्या सात पदरांत पाणी शिरलं की डेकची उसळी जाते. भिजलाच तर उभा करून सावलीत वाळवा, उन्हात तो वाकडा होतो.

जानेवारीच्या मध्याला येणाऱ्यांनी मांजाकडे नीट लक्ष द्यावं. १४ आणि १५ तारखेला इथे उत्तरायण, म्हणजे पतंगांचा सण असतो. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून बंदी आहे, पण काचेचा सुती मांजाही गळा कापतो, आणि वेगात असलेल्या माणसाला तो दिसत नाही. ते दोन दिवस बोर्डवर चढूच नका, गच्चीवर जा. नंतरचा आठवडाभर रस्त्यावर दोऱ्याचे तुकडे पडलेले असतात. ते चाक आणि ट्रकच्या मध्ये गुंडाळले जातात आणि चाक धरून ठेवतात. दर अर्ध्या तासाने चारही चाकं हाताने फिरवून पाहा. जड लागलं तर नट काढून दोरा छोट्या कात्रीने कापा. ओढू नका, ओढलात की तो सीलच्या आत जातो.

पडलातच तर तळहात टेकू नका. गुडघे दुमडा, कोपर आत घ्या, खांद्यावर लोळा. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड बॅगेत नाही, अंगावर. मनगट दुखत असेल तर अंगठा ताणून त्याच्या मुळाशी जी खळगी पडते, तिथे दाबून पाहा. तिथे दुखलं तर एक्स-रे काढा, आणि पहिल्यात काही दिसलं नाही तरी मनगट हलवू नका. तिथल्या छोट्या हाडाचा तडा पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. दुर्लक्ष केलं तर ते हाड न जुळण्याचा धोका असतो. सरकारी सयाजी हॉस्पिटल शहराच्या मध्यातच आहे, रुग्णवाहिकेचा नंबर १०८.

परतीच्या आदल्या रात्री बेअरिंगची सीलं टाचणीने अलगद काढा, रॉकेलमध्ये पाच मिनिटं घोळवा, पूर्ण वाळू द्या आणि शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडा, जास्त नको. जास्त तेल धूळ ओढतं. आणि गाडीत बोर्ड खालच्या बर्थखाली चाकं वर करून ठेवा. सरळ ठेवलात तर पहिल्याच ब्रेकला तो डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाईल.