स्वतःसाठी मागवलेल्या पार्सलचा कर

नमस्कार श्रोतेहो,

परदेशातून पार्सल येतं, पोस्टमन दारात उभा राहतो आणि म्हणतो, "ड्युटी भरावी लागेल." आकडा ऐकून आपण पार्सल घ्यावं की परत पाठवावं, अशा विचारात पडतो. आज या आकड्याबद्दल बोलायचं आहे, कारण त्यात एक अन्याय दडलेला आहे असं मला मनापासून वाटतं.

समजा, साताऱ्यातल्या एका मास्तरांनी आपल्या दुर्बिणीसाठी एक आयपीस, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, मागवला. किंमत 2,000 रुपये, विमानाचं भाडं 400. कस्टम भाडंही मोजतं, म्हणजे कर 2,400 वर लागणार. स्वतःच्या वापरासाठी पोस्टानं किंवा कुरिअरनं येणाऱ्या करपात्र मालाला आपल्याकडे 9804 हा स्वतंत्र क्रमांक आहे. वस्तू कोणती हे न पाहता सरसकट एकच दर. काही वर्षांपूर्वी तो 35 टक्के होता. म्हणजे 840 रुपये शुल्क, त्यावर 10 टक्के अधिभार, 84. मग या सगळ्या बेरजेवर 28 टक्के जीएसटी, 931 रुपये. एकूण कर 1,855 रुपये. जवळजवळ वस्तूच्या किमतीएवढा कर! कुरिअरवाल्याचा हाताळणी आकार वेगळाच.

तोच आयपीस एखाद्या व्यापाऱ्यानं आणला तर त्याला वस्तूचा स्वतःचा दर लागतो. तो 10 टक्के धरला, तर त्याच 2,400 वर शुल्क आणि अधिभार मिळून 264 रुपये. आयातीवर भरलेला जीएसटी त्याला पुढच्या विक्रीच्या करातून वळता करून मिळतो. शिवाय तो पेटीभर माल आणतो, त्यामुळे नगामागे भाडं किरकोळ पडतं.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. जीएसटीबद्दल माझी तक्रार नाही. दुकानातून घेतला असता तरी तो मास्तरांनाच भरावा लागला असता. व्यापारी फक्त मधला दुवा. खटकायचं ते मूळ शुल्क. विकून नफा कमावणाऱ्याला एक दर आणि स्वतः वापरणाऱ्याला त्याच्या कितीतरी पट, याला काय कारण होतं?

सुधारणा झाली आहे, तेही मोकळेपणानं मान्य करू. सप्टेंबर 2025 मध्ये या क्रमांकावरचा जीएसटी 28 वरून 18 वर आला. मूळ शुल्क आधी 20 वर आणि 2026 च्या अर्थसंकल्पात 10 टक्क्यांवर आणलं गेलं. फार मोठा दिलासा आहे हा.

पण एक जखम अजून तशीच आहे. पूर्वी पोस्टानं किंवा कुरिअरनं आलेली 5,000 रुपयांपर्यंतची भेटवस्तू करमुक्त असे. काही परदेशी ऑनलाइन विक्रेते विकलेला माल 'भेट' म्हणून पाठवू लागले आणि डिसेंबर 2019 मध्ये सवलतच काढून टाकली. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढीच वाचली. म्हणजे बहिणीची राखी मोकळी सुटते, भावानं धाडलेली भाऊबीज मात्र कस्टममध्ये अडकते. लबाडी केली विक्रेत्यांनी, भुर्दंड बसला घरच्यांना.

अमेरिकेनं ऑगस्ट 2025 मध्ये 800 डॉलरपर्यंतची करमाफी बंद केली, तेव्हा दिवाळीच्या फराळाचे डबे पाठवणाऱ्या आपल्याकडच्या आयांची केवढी धांदल उडाली होती! पण तिथेही 100 डॉलरपर्यंतची खरीखुरी भेट वगळली होती. युरोपनं 2021 मध्ये 22 युरोपर्यंतची जीएसटीसारख्या कराची माफी रद्द केली, पण 150 युरोपर्यंतच्या मालावर विक्रेत्यानं तो कर विक्रीच्या वेळीच घेण्याची सोय केली. गिऱ्हाइकाला पैसे देतानाच आकडा कळतो.

आपल्याकडे हे अवघड नाही. कुरिअर कंपन्या पार्सल सोडवताना आधार किंवा पॅन मागतातच. त्याच नोंदीवर माणशी वर्षाला एक ठराविक रकमेची करमाफी ठेवता येईल. नावं बदलून माल आणणारा त्यात सापडेल. त्या रकमेच्या वर गेलं की वस्तूचा जो दर व्यापाऱ्याला, तोच घरच्या माणसाला. आणि आयपीसच्या भाड्यावर शुल्क लावणं खाजगी पार्सलपुरतं तरी थांबवावं.

नमस्कार.