फडावरच्या लेकरांसाठी दोन लाडू

नमस्कार, श्रोतेहो.

सध्या ऊसतोडीचा हंगाम जोरात आहे. सोलापुरातून पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळ, कुठल्याही रस्त्याला लागा, उसानं लादलेले ट्रॅक्टर भेटतात आणि शेताच्या कडेला ओळीनं उभ्या असलेल्या कोप्या दिसतात. पाचटाच्या, ताडपत्रीच्या. बीड-धाराशिवकडून, आणि आपल्याच जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातूनही, ही माणसं दिवाळीच्या सुमाराला येतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याबरोबर लेकरं येतात. त्यांच्या पोटाबद्दल आज मला बोलायचंय.

गावी असतं तेव्हा हे मूल शाळेत जातं आणि दुपारी तिथं त्याला ताट मिळतं. शाळेत शिजवलेलं जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 28 नोव्हेंबर 2001 रोजी दिला. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्या एका जेवणातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं सरकारी प्रमाण आहे. मूल फडावर आलं की ते ताट गावातच राहतं. इकडं आई पहाटे चारला उठून भाकरी थापते आणि अंधारातच तोडीला जाते. कोपीवर मागं राहते सात-आठ वर्षांची बहीण, कडेवर धाकटं घेऊन. दुपारपर्यंत भाकरी वाळून जाते. चुलीला हात लावायचा नाही असं आईनं बजावलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. पाचटाच्या कोपीला एक ठिणगी पुरते.

या लेकरांसाठी खाऊची पाकिटं करून फडावर न्यायची ठरली, तेव्हा त्यांत काय भरायचं यावर आमच्या घरी बोलणं निघालं. कुणी तांदूळ-डाळ म्हणालं, कुणी पोहे. माझ्या जावेनं एकच विचारलं, "ते शिजवणार कोण?" त्या प्रश्नानं सगळं ठरलं. जे त्या बहिणीला चुलीशिवाय, भांड्याशिवाय, नुसतं हात धुऊन खाता आणि भरवता येईल, तेच पाकिटात जायला हवं.

सोलापूरकरांना याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. शेंगदाणा आणि गूळ! पंचवीस ग्रॅम शेंगदाणे, पंधरा ग्रॅम गूळ असा एक लाडू धरा. त्यात साधारण 200 कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं होतात. म्हणजे दोन लाडू खाल्ले की शाळेतल्या त्या ताटाच्या जवळपास मूल पोचतं. पालेभाजी, वरण यांची भर त्यात नाही, हे खरं. पण पोटात काहीतरी भक्कम पडतं.

काम सोपं आहे, तरी एका ठिकाणी अजिबात घाई चालत नाही, ती जागा म्हणजे दाणे निवडणं. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा दाणा बाजूला काढलाच पाहिजे. त्या बुरशीचं विष यकृताला बाधतं आणि भाजल्यानं ते पुरतं जात नाही. आमच्याकडं हे काम पूर्व भागातल्या मैत्रिणीच्या सासूबाई करतात. आम्ही सगळ्या त्यांना अक्काच म्हणतो. त्यांचं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. मांडीवर सूप घेऊन बसल्या की त्यांची बोटं अशी चालतात की खराब दाणा कधी उडाला ते कळत नाही. येताना त्या दाण्यांसाठी वेगळं, कोरं सूप आणतात. तंबाखूचं सूप या कामाला लावायचं नाही, हे त्यांनी कुणी सांगायच्या आधीच ठरवलं होतं. बसण्याआधी कोपरापर्यंत हात साबणानं धुतात आणि आमच्या मुलांनाही धुवायला लावतात. अक्कांच्या शब्दापुढं घरात कुणाचं चालत नाही.

पुढं मंद आचेवर भाजणी. दाणे पूर्ण गार झाल्याशिवाय कूट करायचा नाही आणि लाडूही गार झाल्याशिवाय पाकिटात घालायचा नाही. आत वाफ धरली की माल बिघडला. पाण्याचा थेंब नको, पाकाचीही गरज नाही. दाण्याला सुटलेल्या तेलातच किसलेला गूळ बसतो. दाणे सोलणं, वजन करणं, पाकिटावर तारीख लिहिणं ही कामं मुलांना द्या. माझा पुतण्या एकेक लाडू काट्यावर ठेवून बघतो, आणि कमी भरला तर परत देतो. त्याच्या वयाचं मूल तो खाणार आहे, हे त्याला ठाऊक आहे.

अगदी लहान बाळांना मात्र हे देऊ नका. अख्खा दाणा तर पाच वर्षांच्या आतल्या मुलाला नकोच, घशात अडकतो. आणि खरी काळजी या धाकट्यांचीच आहे. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 35 टक्क्यांहून अधिक मुलांची उंची वयाच्या मानानं कमी आढळली. एवढी मोठी उणीव लाडवानं भरून निघत नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून आहार मिळण्याचा हक्क दिला आहे. मूल परगावचं असलं म्हणून तो हक्क संपत नाही. त्यामुळं मला वाटतं, पाकिटं घेऊन निघण्याआधी त्या गावच्या अंगणवाडी ताईंना भेटावं. टोळी कुठं उतरलीय, मुलं किती, कुणाचं वजन घ्यायचं राहिलंय, हे त्यांच्या कानावर घालावं. पाकिटं भरण्याइतकंच हे काम मोठं आहे. किंबहुना जास्तच.

मुकादमाला आधी विचारा, आणि जायचं ते संध्याकाळी जा. तोवर आया फडावरून परतलेल्या असतात. मुलांना रांगेत उभं करू नका, मोबाईलवर फोटो काढू नका. पाकीट आईच्या हातात द्या, त्यात काय आहे ते सांगा, शेंगदाण्यानं कुणाला अंगावर पित्त उठतं का तेही विचारा. कुणाला, कधी आणि किती द्यायचं ते तिचं ती ठरवेल.

नमस्कार.